विजेवरचा स्केटबोर्ड : आधी ब्रेक, मग वेग

अमेरिकेतील 'बूस्टेड' या कंपनीने मार्च २०२० मध्ये आपल्या बहुतांश कर्मचाऱ्यांना घरी पाठविले आणि त्याच वर्षी तिचा कारभार आटोपला. स्केटबोर्डच्या फळीखाली मोटार आणि बॅटरी बसवून ती शहरी प्रवासाचे साधन म्हणून विकणाऱ्या कंपन्यांमध्ये बूस्टेडचे नाव आघाडीवर होते. कंपनी गेली, पण तिच्या फळ्या लोकांच्या घरात होत्या. चाके फिरत होती आणि बॅटऱ्या हळूहळू थकत होत्या. सुटे भाग मिळेनात आणि दुरुस्तीला पाठवावे तर पत्ताच उरला नव्हता. मग अनेक मालकांनी स्वतःच स्क्रू उघडले. कोणी बॅटरीतील सेल बदलले, कोणी कंपनीचा वेगनियंत्रक काढून त्याच्या जागी कोणालाही हाताळता येईल असा खुला नियंत्रक बसविला. बंद पडलेल्या फळ्या पुन्हा धावू लागल्या.

यात एक गंमत आहे. बूस्टेडची सुरुवातही अशाच हौशी खटपटीतून झाली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेल्या संजय दस्तूर, जॉन उल्मेन आणि मॅथ्यू ट्रॅन या तीन तरुणांनी रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यातील विमानांच्या मोटारी लांब स्केटबोर्डला जोडून पाहिल्या आणि २०१२ मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभे करून कंपनी काढली. म्हणजे घरगुती कार्यशाळेतून निघालेली वस्तू आठ वर्षांनी पुन्हा घरगुती कार्यशाळेतच परतली. आज जगभर अनेक हौशी मंडळी सुटे भाग जमवून अशी फळी स्वतः तयार करतात आणि तयार झाल्यावर तिच्यात सुधारणा करीत राहतात. ही फळी पळविणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते तिला थांबविणे. बांधणीतील जवळपास प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर तपासून पाहावा लागतो.

लाटेवरून रस्त्यावर

स्केटबोर्डचा जन्म कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. समुद्रात लाटा नसतील त्या दिवशी लाटांवर घसरण्याची हौस रस्त्यावर भागविण्यासाठी १९५० च्या दशकात तेथील तरुणांनी फळीला चाके लावली. सुरुवातीची चाके धातूची, नंतर भाजलेल्या मातीसारख्या कठीण द्रव्याची होती. लहानसा खडा आडवा आला की चाक अडायचे आणि स्वार पुढे फेकला जायचा. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली आणि खेळाचे रूप पालटले. हे द्रव्य रस्त्याला धरून ठेवते आणि धक्केही काही प्रमाणात पचविते.

त्यानंतर काही वर्षांतच पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी फळी निघाली. तिचा गोंगाट आणि धूर लोकांना नकोसा झाला आणि १९७७ मध्ये कॅलिफोर्नियाने मोटारीच्या स्केटबोर्डवर बंदी घातली. विजेची फळी खऱ्या अर्थाने व्यवहार्य होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. हलक्या वजनात भरपूर ऊर्जा साठविणारी लिथियम-आयन बॅटरी, जोरदार निओडिमियम चुंबकांच्या कार्बनब्रश नसलेल्या मोटारी आणि त्यांना ताब्यात ठेवणारे स्वस्त इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. पहिली वस्तू मोबाईल व लॅपटॉपमुळे स्वस्त झाली. उरलेल्या दोन रिमोटच्या विमानांनी हौशी लोकांच्या हाती दिल्या.

फळी, ट्रक आणि चाके

घरी बांधणीसाठी सामान्यतः ९५ ते १०५ सेंटिमीटर लांबीची फळी घेतात. मॅपल लाकडाचे सात-आठ पातळ थर चिकटवून किंवा बांबूच्या थरांतून ती तयार होते. नवख्यांना पायाखाली लवचीक वाटणारी फळी आवडते. कारण रस्त्याचे हादरे ती शोषून घेते. परंतु बॅटरी फळीच्या पोटाशी बसवायची असते. फळी दर क्षणी वाकत असेल, तर खालच्या ताठ बॅटरीतील जोडपट्ट्यांवर ताण येतो आणि त्या कधीतरी तुटतात. म्हणून लवचीक फळी घेतल्यास बॅटरीचे लहान लहान गट करून ते मऊ तारांनी जोडावे लागतात. पहिल्या प्रयत्नासाठी ताठ फळी अधिक निर्धोक.

फळीच्या खाली पुढे-मागे धातूचे दोन आस असतात. त्यांना 'ट्रक' म्हणतात. स्वार शरीराचा भार डावीकडे-उजवीकडे टाकतो, तेव्हा रबराच्या गट्टूंवर हे ट्रक कलतात आणि फळी वळते. गट्टू मऊ असतील तर फळी चटकन वळते. पण वेग वाढल्यावर तीच फळी डावी-उजवी थरथरू लागते. ही थरथर वाढत गेली तर स्वार फेकला जातो. त्यामुळे वेग वाढविण्यापूर्वी गट्टू कडक करणे आणि शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवण्याची सवय लावणे, या बिनखर्चाच्या सुधारणा आधी कराव्यात.

विजेच्या फळीला ८३ ते ९७ मिलिमीटर व्यासाची चाके लावतात. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ती पुरतात. पेव्हर ब्लॉक, खडी किंवा उखडलेला रस्ता असेल तर १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची हवा भरलेली चाके बरी. मात्र त्यांना फिरविण्यास जास्त ऊर्जा लागते आणि एका चार्जमधील अंतर लक्षणीय घटते.

मोटार आणि वेगाचे गणित

या फळीवर वापरली जाणारी मोटार मुठीएवढी असते. तिच्यात कार्बनब्रश नसतात आणि बाहेरचे कवच चुंबकांसह फिरते. '६३७४' असा क्रमांक दिसला तर मोटारीचा व्यास ६३ आणि लांबी ७४ मिलिमीटर असे समजावे. मोटारीची दुसरी ओळख म्हणजे 'केव्ही' हा आकडा. त्याचा किलोव्होल्टशी काही संबंध नाही. एक व्होल्ट दाब दिल्यास भार नसलेली मोटार मिनिटाला किती फेरे घेईल, ते हा आकडा सांगतो.

१९० केव्हीची मोटार आणि ३६ व्होल्टची बॅटरी घेतली, तर मोटार मिनिटाला ६,८४० फेरे घेईल. मोटारीवर १५ दातांची आणि चाकावर ३६ दातांची पुली बसवून दोन्ही दातेरी पट्ट्याने जोडल्या, की चाकाचे फेरे २.४ पटीने कमी होऊन २,८५० वर येतात. ८३ मिलिमीटरच्या चाकाचा परीघ सुमारे २६ सेंटिमीटर. हिशेब केला तर वेग ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास येतो. वाऱ्याचा विरोध, घर्षण आणि स्वाराचे वजन यांमुळे प्रत्यक्षात तो याहून कमी भरतो. आता केवळ चाके बदलून ९७ मिलिमीटरची लावली, तर हाच कागदावरचा वेग ५२ किलोमीटरवर जातो. चाके तीच ठेवून बॅटरी ४३ व्होल्टची केली, तरी तो ५३ च्या घरात पोहोचतो. थोडक्यात, वेग वाढविणे हा एका दुपारचा उद्योग आहे. म्हणूनच तो सर्वांत फसवा आहे.

पट्ट्याऐवजी चाकाच्या आतच बसविलेली मोटारही मिळते. तिला पट्टा नाही, आवाज कमी आणि देखभालही फारशी नाही. पण चाकावरील पॉलियुरेथेनचा थर पातळ राहतो, त्यामुळे हादरे जास्त जाणवतात. दात कमी-जास्त करून जोर वाढविण्याची सोयही राहत नाही. चढाच्या रस्त्यांसाठी पट्ट्याची रचना हौशी मंडळी अधिक पसंत करतात.

नियंत्रक : फळीचा मेंदू

बॅटरीतून येणारा प्रवाह मोटारीच्या तीन तारांना कोणत्या क्षणी, किती द्यायचा हे वेगनियंत्रक ठरवितो. पूर्वी रिमोटच्या विमानांचे किंवा मोटारींचे नियंत्रक वापरले जात. ते फळीसाठी बनलेले नव्हते. विमानाला ब्रेकची गरज नसते आणि खेळण्यातील मोटारीवर माणूस उभा नसतो. त्यामुळे कळ किंचित दाबली तरी फळी झटका देऊन पुढे जाई किंवा ब्रेक लावताच थबकत असे.

स्वीडनमधील अभियंता बेंजामिन वेडर याने ही अडचण दूर केली. २०१० च्या दशकाच्या मध्यास त्याने आपल्या नियंत्रकाचे आराखडे आणि संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. 'व्हेस्क' या नावाने ओळखला जाणारा हा नियंत्रक घरगुती फळ्यांचा कणा बनला. संगणकाला जोडून त्यात मोटारीचा कमाल प्रवाह, बॅटरीतून घ्यायचा प्रवाह, ब्रेकचा जोर आणि बॅटरी किती उतरल्यावर शक्ती कमी करायची, हे सारे आकडे भरता येतात.

यातच नवख्यांची मोठी चूक होते. मोटार ६० अँपियर सोसते म्हणून तो आकडा भरला जातो. पण बॅटरी तेवढे देऊ शकते का, हे पाहिले जात नाही. मोटारीचा प्रवाह आणि बॅटरीचा प्रवाह या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. दुसरी मर्यादा सेल बनविणाऱ्याच्या माहितीपत्रकावरूनच ठरवावी लागते. आणखी एक मर्यादा ब्रेक लावताना बॅटरीत परत जाणाऱ्या प्रवाहाची असते. तिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही.

बॅटरी : सर्वांत महाग, सर्वांत जोखमीची

फळीच्या खर्चातील मोठा वाटा बॅटरीचा असतो आणि धोक्यातीलही. साधारणपणे '१८६५०' या मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, लिथियम-आयन सेल वापरतात. अलीकडे २१ मिलिमीटर व्यासाचे आणि ७० मिलिमीटर लांबीचे सेलही रुळले आहेत. अशा एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. असे दहा गट एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्टची, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्टची बॅटरी होते.

प्रत्येक गटात ३ अँपियर-तासांचे चार सेल शेजारी-शेजारी जोडले, तर एकूण ४० सेल लागतात आणि साठा सुमारे ४३२ वॉट-तास होतो. गुळगुळीत रस्त्यावर पॉलियुरेथेनच्या चाकांवर किलोमीटरला साधारण १० ते १२ वॉट-तास खर्च होतात, असे धरले तर ही बॅटरी ३५ ते ४० किलोमीटर पुरावी. चढ, वारा, जड स्वार किंवा हवेची चाके असल्यास हा आकडा बराच खाली येतो.

सेल एकमेकांना जोडण्यासाठी निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावतात. सेलवर थेट सोल्डरिंग करू नये. आतील भाग तापून बिघडतो. सेलच्या धन टोकाभोवती निरोधक कागदाची चकती हवीच. कारण सेलचे उरलेले सर्व कवच ऋण असते. वरची पट्टी हादऱ्याने घासून आवरण फाटले की शॉर्ट सर्किट ठरलेले. फळीवरील बॅटरी दर मिनिटाला शेकडो धक्के खाते. टेबलावर उत्तम चालणारी जोडणी रस्त्यावर टिकेलच असे नाही.

एका सेलमध्ये बिघाड होऊन तापमान वाढले, की आतील रासायनिक क्रिया आणखी उष्णता निर्माण करते, ती उष्णता क्रिया वाढविते आणि आग शेजारच्या सेलमध्ये पसरते. या आगीला बाहेरची हवा तोडली तरी ती सहज विझत नाही आणि तिचा धूर विषारी असतो. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बॅटरी पेटण्याच्या धोक्यामुळे पाच लाखांहून अधिक 'हॉवरबोर्ड' परत बोलाविले होते. ती कारखान्यात बनलेली साधने होती. घरी बांधलेल्या बॅटरीची तपासणी तर बांधणाराच करतो. म्हणून काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. रात्री सर्व झोपल्यावर चार्जिंग करू नये. दाराजवळ किंवा जिन्याखाली, म्हणजे पळण्याच्या वाटेवर, बॅटरी ठेवू नये. फुगलेला, गरम होणारा किंवा दाब टिकवून न धरणारा सेल पुन्हा वापरू नये. जुन्या लॅपटॉपमधील सेल स्वस्त पडतात. पण मोठा प्रवाह देण्यासाठी ते बनलेले नसतात. ज्याला या कामाचा सराव नाही, त्याने निदान बॅटरी तरी जाणकाराकडून तयार करून घ्यावी. उरलेली फळी स्वतः बांधण्याचा आनंद त्याने कमी होत नाही.

बॅटरीसोबत 'बीएमएस' नावाची छोटी पाटी जोडतात. सर्व गट समान भरले जातील आणि कोणताही गट मर्यादेबाहेर जाणार नाही, यावर ती नजर ठेवते. येथे एक पेच आहे. बॅटरी वाचविण्यासाठी या पाटीने धावत्या फळीचा प्रवाह एकाएकी तोडला, तर ब्रेकही त्याच क्षणी जातो. म्हणून अनेक जाणकार तिचा उपयोग चार्जिंगपुरता करतात आणि धावतानाच्या मर्यादा नियंत्रकावर सोपवितात. नियंत्रक प्रवाह एकदम तोडत नाही, हळूहळू कमी करतो. मात्र हा मार्ग ज्याला नियंत्रकातील प्रत्येक आकड्याचा अर्थ कळतो, त्यानेच धरावा.

ब्रेक जातो कसा?

सायकलला रबरी ब्रेक असतो, स्कूटरला ड्रम असतो. या फळीला बहुधा वेगळा ब्रेकच नसतो. मोटार जनित्रासारखी उलट काम करते, चाकांचा वेग शोषते आणि त्यातून निर्माण झालेली वीज बॅटरीत परत पाठविते. ही युक्ती सुरेख आहे. पण ती एका साखळीवर अवलंबून आहे. बोट, रिमोट, रेडिओ संदेश, नियंत्रक, मोटार, पट्टा, चाक आणि बॅटरी, यांतील एकही कडी निसटली तरी ब्रेक नाही.

पट्टा तुटला, तर मोटार नुसती फिरते आणि चाक मोकळे होते. रिमोटचा संदेश तुटला, तर नियंत्रक मोटार सोडून देतो; फळी थांबत नाही, घरंगळत राहते. धातूच्या बंद पेटीत किंवा कार्बनतंतूच्या आवरणाखाली संदेश घेणारा भाग बसविला, तर हा धोका वाढतो. त्यामुळे त्याची तार प्लॅस्टिकच्या बाजूला आणावी लागते.

सर्वांत अनपेक्षित प्रकार पूर्ण भरलेल्या बॅटरीचा. समजा, घर टेकडीवर आहे. स्वार रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली फळी घेऊन निघतो आणि पहिल्याच उतारावर ब्रेक दाबतो. निर्माण झालेली वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. दाब मर्यादेपलीकडे जातो आणि स्वतःला वाचविण्यासाठी नियंत्रक ब्रेक सोडून देतो. यंत्रात कुठलाही बिघाड नसताना ब्रेक जातो तो असा. उपाय साधा आहे. उतारावर राहणाऱ्याने बॅटरी पूर्ण न भरता थोडी रिकामी ठेवावी.

आता वेगाकडे पुन्हा पाहू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. अडथळा दिसून बोट हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर सात मीटर तेथेच संपतात. त्यानंतर तोल न जाऊ देता बऱ्यापैकी जोराचा ब्रेक लावला, तर थांबायला आणखी दहा मीटर लागतात. एकूण १७. वेग ४० असेल तर पहिल्या सेकंदात ११ मीटर आणि ब्रेक लावल्यानंतर सुमारे २५ मीटर जातात. एकूण ३६. वेग दुप्पटही झालेला नाही; थांबण्याचे अंतर मात्र दुपटीहून अधिक झाले आहे. यात ब्रेकचा जोर वाढवूनही फारसे साधत नाही. फळीवरचा माणूस उभा असतो, त्याला धरायला काही नसते आणि ब्रेक जोरात लागला तर फळी थांबते, माणूस पुढे जातो.

सुधारणेचा योग्य क्रम

पहिली फळी सहसा एका मोटारीची असते. महिन्या-दोन महिन्यांत तिची सवय होते आणि मग 'अजून थोडा वेग' खुणावू लागतो. तेव्हा अधिक व्होल्टची बॅटरी घेण्याकडे कल असतो. हा पाया सोडून कळस चढविण्याचा प्रकार होय. अनुभवी बांधणाऱ्यांचा क्रम याच्या उलट असतो.

सर्वांत आधी दुसरी मोटार आणि दुसरा नियंत्रक. त्यामुळे चढावर जोर वाढतो हे खरे; पण मोठा लाभ असा की एका बाजूचा पट्टा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा ब्रेक शिल्लक राहतो. त्याचबरोबर रुंद पट्टे, योग्य ताण आणि कंपनाने स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आट्यांवर लावायचे चिकट द्रव्य, या स्वस्त गोष्टी येतात.

त्यानंतर रिमोट. बॅटरीची पातळी दाखविणारा, हातात घट्ट बसणारा आणि संदेश तुटल्यास काय होईल हे आधी तपासता येणारा रिमोट घ्यावा. चाके हवेत उचलून धरावीत, मोटार चालू ठेवावी आणि रिमोट बंद करून पाहावा. मोटार तत्काळ मोकळी झाली पाहिजे. ही चाचणी रस्त्यावर उतरण्यापूर्वीच व्हावी.

मग बॅटरीचा साठा. प्रत्येक गटात चारऐवजी सहा सेल केले तर व्होल्ट तेच राहतात, वेग वाढत नाही. पण अंतर वाढते आणि प्रत्येक सेलवरचा ताण कमी होतो. जुन्या बॅटरीला नवे सेल जोडण्याचा मोह मात्र टाळावा. थकलेले आणि ताजे सेल एकत्र आले की भार असमान वाटला जातो.

व्होल्ट वाढविणे सर्वांत शेवटी. दहाऐवजी बारा गटांची बॅटरी पूर्ण भरल्यावर ५०.४ व्होल्टची होते. नियंत्रक एवढा दाब सोसतो का, हे पाहावेच लागते. चार्जरही नवा लागतो. बारा गटांचा चार्जर चुकून दहा गटांच्या बॅटरीला लावला, तर परिणाम गंभीर होऊ शकतात. म्हणून दोन्हींच्या पिना वेगळ्या ठेवणे शहाणपणाचे. इतक्या दाबाची बॅटरी जोडताना ठिणगी उडते आणि पिना जळतात. त्यासाठी आत रोधक बसविलेली ठिणगीरोधक जोडणी मिळते.

अशा फळीवर माणूस किती वेगाने जाऊ शकतो, याचे उत्तर २०१५ मध्ये मिशो एर्बान याने दिले. विजेच्या स्केटबोर्डवर त्याने ताशी ९५.८३ किलोमीटरचा विक्रम नोंदविला. पण तो उतारांवरील स्पर्धांत मुरलेला खेळाडू होता आणि त्याच्यापुढे रिकामी, सपाट धावपट्टी होती. रिक्षा, पादचारी आणि खड्डे तेथे नव्हते.

कायदा काय सांगतो?

निरनिराळ्या देशांनी या फळीकडे निरनिराळ्या नजरेने पाहिले आहे. कॅलिफोर्नियाने १९७७ ची बंदी विजेच्या फळ्यांपुरती उठविली आणि नवा कायदा १ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यानुसार स्वाराचे वय किमान १६ वर्षे आणि हेल्मेट सक्तीचे आहे. फळीचा स्वतःच्या शक्तीवरचा कमाल वेग ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून, अधिक नसावा आणि मोटारीची शक्ती सरासरी एक हजार वॉटपेक्षा कमी असावी लागते. जर्मनीने २०१९ मध्ये छोट्या विद्युत वाहनांना परवानगी दिली. पण दांडा असण्याची अट घातली. साहजिकच स्केटबोर्ड बाहेर राहिला. ब्रिटनमध्ये खासगी जागेबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर वा पदपथावर तो चालविता येत नाही.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, बॅटरीवरील वाहनाच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने ते प्रमाणित केले असेल, तर इतर अटींच्या अधीन राहून ते मोटार वाहन मानले जात नाही. पुण्याची 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही अशीच एक चाचणी संस्था. घरी बांधलेल्या फळीच्या मोटारी हजार-दोन हजार वॉटच्या असतात आणि त्यांचे प्रमाणपत्र नसते. त्यामुळे ही सवलत त्यांना लागू पडत नाही. मालकाची परवानगी असलेले खासगी आवार किंवा बंदिस्त मैदान हीच तिची योग्य जागा ठरते.

प्रवासाचाही प्रश्न आहे. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी सुटी लिथियम बॅटरी नेता येत नाही. वर सांगितलेली ४३२ वॉट-तासांची बॅटरी म्हणजे घरीच ठेवायची वस्तू. आयुष्य संपलेले सेलही कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते वेगळे गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवायचे असतात. टाकण्यापूर्वी टोकांवर चिकटपट्टी लावली तर वाटेत ठिणगीचा धोका टळतो.

पहिली फेरी

फळी तयार झाल्यावर पहिल्या दिवशी वेगमर्यादा नियंत्रकातच ताशी १५ किलोमीटरवर ठेवावी. हेल्मेट, मनगट आणि गुडघ्यांची आवरणे घालावीत. पडताना माणूस सहजच हात टेकतो आणि मनगट सर्वप्रथम दुखावते. ओल्या रस्त्यावर जाऊ नये. चाके घसरतात आणि पाणी नियंत्रकात शिरते. पहिल्या पाच किलोमीटरनंतर फळी उलटी करून प्रत्येक स्क्रू, पट्ट्याचा ताण आणि तारांचे आवरण तपासावे. मोटार आणि नियंत्रकाला हात लावून पाहावा. हात ठेवता येणार नाही इतके ते तापले असतील, तर भरलेले आकडे चुकले आहेत.

विकत घेतलेल्या फळीत हे सारे झाकणाखाली असते आणि कंपनी टिकेल तोवर ती जबाबदारी कंपनीची. घरी बांधलेल्या फळीत ती बांधणाऱ्याची. बूस्टेडच्या मालकांना हे कंपनी बुडाल्यावर कळले. पण ज्यांनी झाकण उघडले, त्यांना एक गोष्ट मिळाली, जी बंद खोक्यातून कधीच मिळत नाही. पायाखालची वस्तू कशी धावते, हे त्यांना उमगले. आणि ती कशामुळे थांबणार नाही, हेही.